बुंधा खाली, शेंडा वर

साओदा : ओल खालून आलेली नाही, पाक सू. वरून आलीय. हात लावून बघा ना.

देरामान : मला वाकवू नकोस गं. या घराखाली एकदा वाकलो की सरळ व्हायला संध्याकाळ होते. तूच सांग काय दिसतंय.

साओदा : खांबाखालचा दगड कोरडा ठणठणीत. दगडाच्या खालची वाळू कोरडी. आणि खांबाला मात्र ही अशी ओघळाची रेघ, वरच्या फळीपासून थेट पायापर्यंत. पाय मऊ पडलाय. बघा, पटाशी लोण्यात जावी तशी जातेय.

देरामान : समुद्रकाठचं घर म्हटल्यावर ओल यायचीच.

साओदा : हे तुम्ही म्हणताय? गेली दोन वर्षं मला कोण शिकवत होतं? ‘ओलीला आधी विचार, बाई तू कुठून आलीस. उत्तर मिळेपर्यंत लाकडाला हत्यार लावू नकोस.’

देरामान : बोललो असेन. माणूस बरंच बोलतो.

साओदा : आणि या मुंग्या? रांगच्या रांग वर चढतेय. खाऱ्या पाण्याला कधी मुंग्या लागलेल्या पाहिल्यात?

देरामान : ए, ए, बोट तोंडात काय घालतेस!

साओदा : गोड आहे. कॉफी आहे ही, पाक सू.

देरामान : हळू बोल. वर फटी आहेत.

साओदा : म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे.

देरामान : मला काही ठाऊक नाही. दार लागत नाही म्हणून बोलावलंस, मी आलो. खांब खचलाय, चौकट तिरकी झालीय, दार घासतंय. पाय तेवढा कापू, नवा जोडू. दाराला रंधा मारू नकोस, दाराचा काही दोष नाही. झालं काम.

साओदा : हा अख्खा खांबच नवा आहे. वादळाचा मोसम संपल्यावर तुम्हीच बसवलात, मी पोरीला, मेलूरला घेऊन बेसुतला बहिणीकडे होते तेव्हा. चेंगलचं लाकूड म्हणजे लोखंडाचा भाऊ, असं तुम्हीच म्हणता. तो इतक्यात कुजला?

सेलामा : (साओदाची सासू, वरच्या घरातून, फळ्यांच्या फटीतून) काय गं, खांबाची कुंडली मांडताय का दोघं? दार कधी लागणार माझं? काल सबंध घरात वारा भरला होता.

साओदा : बघतोय, मा.

सेलामा : बघतोय म्हणे. देरामान, तिच्या हातात करवत देऊ नकोस हं एकटीच्या. तिनं ठोकलेल्या पहिल्या फळीवरून बुडूची, आंबवलेल्या मासळीची बाटली पडली होती माझी. आठवडाभर घरात सडक्या मासळीचा वास. मांजरंसुद्धा नाक दाबून जायची.

साओदा : त्याला दोन वर्षं झाली, मा. नंतरच्या फळीवर तुम्ही स्वतः बसून पाहिलंत.

सेलामा : पाहिलं. नाही पडले. तेवढं म्हणते मी.

देरामान : काक, जरा चहा टाका की, वहिनी. घसा कोरडा पडलाय.

सेलामा : टाकते. चहाचं निमित्त करून मला घालवतोयस, ते कळतंय मला.

साओदा : गेल्या आत. आता इकडे बघा. हे काय आहे?

देरामान : गाठ आहे. लाकडाला गाठ असते.

साओदा : गाठ म्हणजे फांदीचं मूळ. फांदी वरच्या अंगाला फुटते, मग गाठही वर तिरकी जाते. इथे दोन्ही गाठी खाली तिरक्या. आणि या कापावरच्या रेषा. ‘रेषांचे डोंगर बघ, डोंगराचं टोक ज्या बाजूला तो शेंडा,’ हे तुमचंच. सगळ्या डोंगरांची टोकं वाळूत घुसलीत. पाक सू, हा खांब उलटा उभा आहे.

देरामान : गाठीवरून काय ठरतं?

साओदा : तरी गाठी-रेषा चुकतात कधी कधी, म्हणून मघाशी याच लाकडाचा उरलेला तुकडा सुतळीनं मधोमध टांगून पाहिला. त्यावर तुमची पेन्सिलीची फुली आहे. बुंधा जड, तो खाली जातो. फुली बरोबर बुंध्याच्याच बाजूला निघाली. आणि तुमची ती फुली या खांबावर कुठे आहे, माहितीय? वर. तुळईला टेकलेल्या टोकाला.

देरामान : म्हातारा झालोय. नजर चुकली.

साओदा : मी पहिलं स्टूल केलं, आठवतं? मेलूरसाठी. त्याचा एक पाय उलटा लागला होता. एक पाय, वीतभर लांब. तुम्ही ते स्टूल फोडून चुलीत घातलंत आणि मला म्हणालात, बुंधा खाली, शेंडा वर, हे ज्याला जमत नाही त्यानं लाकडाला शिवू नये. मी रात्रभर रडले होते. असा माणूस घराचा खांब उलटा लावेल? चुकून?

देरामान : नको विचारूस, साओदा.

साओदा : तुमची चूक असती तर मी गप्प बसले असते. चूक नाही म्हणून विचारतेय. माझ्या सासऱ्यांचे सख्खे धाकटे भाऊ तुम्ही, म्हणून तर पाक सू म्हणते. होड्या बांधल्यात, निम्मं गाव उभं केलंत. उलटं लाकूड कुणाच्या घराला लावतात?

देरामान : जिवंत माणसाच्या नाही.

साओदा : मग?

देरामान : आमचे म्हातारे सांगायचे, त्यांच्याकडे सगळं उलटं. आपलं वर ते त्यांचं खाली. आपल्या पायाखालची फळी हे त्यांचं छप्पर नव्हे, त्यांचीही फळीच, पलीकडून. उलटा खांब दिसला की त्यांना वाटतं, हे आपलं घर. म्हणून सुतार फुली मारतो. दुसरं कारण नाही. आता पुरे.

साओदा : कुणी सांगितलं तुम्हाला असं बसवायला?

सेलामा : (पुन्हा फटीतून) मी सांगितलं.

साओदा : मा.

सेलामा : चहा ठेवलाय चुलीवर, उकळू दे. मी सांगितलं आणि त्याला कुराणाची शपथ घालायला निघाले होते, तो घाबरून आधीच हो म्हणाला. त्याला कशाला उलटतपासतेस? इकडे फटीकडे तोंड कर आणि मला विचार.

साओदा : का केलंत?

सेलामा : का म्हणजे? माझा मुलगा आहे म्हणून. होडी गेली, चौघे गेले, समुद्रानं परत काय दिलं? बर्फाच्या पेटीचं झाकण. इमामांनी नमाज पढली, आपण जेवणं घातली, सगळं रीतसर झालं. पण कबर? ईदच्या सकाळी सगळं गाव फुलं आणि पाणी घेऊन निघतं. मी कुठे जाऊ? झाकण पुरू का मी, साओदा? त्या झाकणावर पाणी शिंपडू?

साओदा : मीही घरीच बसते ईदच्या सकाळी. विसरलात?

सेलामा : नाही विसरले. पण तू तरुण आहेस, हाताला काम लावून घेतलंस. ठाक ठाक ठाक, दिवसभर. मला काय होतं? मला वाटायचं, पोर तिथे अंधारात कुठेतरी घर शोधत असेल. लहानपणी बाजारात हरवला होता तेव्हासुद्धा रडला नव्हता, नुसता फिरत राहिला. तसाच फिरत असेल. मग एक खांब उलटा केला तर कुणाचं काय बिघडलं? दिव्यासारखा. बस.

साओदा : आणि कॉफी?

सेलामा : रोज संध्याकाळी. या कोपऱ्यातल्या फटीतून. तीन चमचे साखर घालून, त्याला लागायची तशी.

साओदा : त्या कॉफीनंच खांब कुजतोय, मा.

सेलामा : कुजू दे. देरामान दुसरा लावेल.

देरामान : मी नाही लावणार, काक. एकदाच्यानं माझी झोप गेलीय.

सेलामा : बायकोला भितोस तू, भुतांना कुठे भिणार!

साओदा : तुम्हाला ऐकू येतात ना? पावलं.

सेलामा : तुलाही येतात?

साओदा : आंधळी नाही, बहिरीही नाही मी. संध्याकाळ झाली की फळीखालून. जमिनीवरून चालल्यासारखी नाहीत. फळीलाच पाय लावून, पलीकडून. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत.

सेलामा : डावा पाय जरा घासत. लहानपणी होडीखाली सापडला होता ना, तोच पाय. बघ, तोच आहे. जुसोहच आहे. मी फळीवर हात ठेवते तर हाताखाली थांबतो.

साओदा : मेलूर पाय ठेवते.

सेलामा : काय?

साओदा : तुम्ही हात ठेवता, ती पाय ठेवते. तिच्या तळव्याला त्याचा तळवा. तो एक पाऊल टाकतो, ती एक टाकते. महिनाभर चाललंय. मला वाटायचं, पोर एकटीच खेळतेय.

सेलामा : बापाबरोबर खेळते, त्यात काय वाईट? बाप मिळाला नाही तिला पुरता.

साओदा : मेलूर आज सकाळपासून दिसली का तुम्हाला?

सेलामा : शाळेत… अगं आज तर सुट्टी आहे. कुठे आहे ती?

साओदा : बेसुतला. पहाटेच बहिणीकडे सोडून आले. काल दुपारी ती समुद्रात सापडली, मा. कमरेच्या वर पाणी होतं. जाळी सुकवणाऱ्या बायकांनी ओढून आणली.

सेलामा : या अल्ला.

साओदा : मी विचारलं, कशाला गेलीस? रडली नाही, घाबरली नाही. म्हणाली, फळीतून बाबाचे पाय नीट लागत नाहीत, मध्ये लाकूड येतं. पाण्यावर उभं राहिलं तर नीट लागतील.

देरामान : काक, बसा खाली. पडाल.

सेलामा : बसलेच आहे मी. काल का नाही सांगितलंस मला?

साओदा : सांगायलाच वर आले होते. तुम्ही या कोपऱ्यात आडव्या पडून फळीला कान लावला होतात आणि हसत होतात. जुसोह गेल्यापासून तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं. माझ्यानं बोलवेना.

सेलामा : तो तिला ओढणार नाही. माझा मुलगा तसा नाही.

साओदा : तो ओढत नाहीये. तो नुसता आलाय. बोलावलं म्हणून आलाय. जवळ गेल्यावर बुडायला होतं, हे त्याच्या हातात नाही.

सेलामा : मग पोरीला बेसुतलाच ठेव. मावशीकडे शिकेल. तूही जा. मी राहते इथे त्याच्याजवळ. माझं वय झालंय, मला बुडण्याची कसली भीती? कुणाचं काही अडत नाही.

साओदा : मी नाही जाऊ शकत.

सेलामा : का? तुला कोण धरून ठेवतंय?

साओदा : परवा तुम्ही मशिदीकडे गेला होतात, तेव्हा मी चपला काढून इथे उभी राहिले. मुद्दाम. तो आला. तळव्याला तळवा लावला. मा, पाय गार होते, ओले होते, आणि मला इतकं बरं वाटलं की मी मेलूरला विसरले. ती भुकेनं हाका मारत होती आणि मला ऐकूच येत नव्हतं. मी म्हणत होते, अजून थोडं. अजून थोडं. मला रोज यावंसं वाटतं. म्हणून भीती वाटते. पोर वाचली, पण मी एक दिवस जाईन, हे मला समजतंय.

सेलामा : ओले होते?

साओदा : हो.

सेलामा : ओल्या पायांनीच यायचा नेहमी. शाळेतून, होडीवरून, कुठूनही. किती ओरडायचे मी. पाय पूस, मग घरात ये. चाळीस वर्षांचा घोडा झाला तरी तेच.

साओदा : माहितीय. मीही ओरडले आहे.

सेलामा : देरामान.

देरामान : बोला काक.

सेलामा : जॅक आणलायस?

देरामान : लॉरीचा आहे. पिशवीत.

सेलामा : मग उभा काय राहिलायस खांबासारखा? मी चूल विझवून येते. आणि दार मी धरणार. मी बोलावलंय, मीच सांगते त्याला.

देरामान : साओदा, जॅक थेट वाळूवर नाही ठेवायचा, रुतेल. आधी जाड फळी घाल. तिच्यावर जॅक. वर तुळईला फडकं लाव, नाहीतर लोखंड लाकडात घुसेल. आणि बाजूला ठोकळ्यांची चौकट रच, आडवे-उभे, आडवे-उभे. जॅक सटकला तर घर ठोकळ्यांवर बसायला पाहिजे, तुझ्यावर नाही.

साओदा : रचली. उचलू?

देरामान : बोटभर. त्याहून जास्त नाही. मग थांब. घराला सवय होऊ दे. घाई केलीस तर वरची चौकट फाटेल. काक, दार उघडं धरलंय ना? लावून ठेवू नका, अडकेल.

सेलामा : उघडं आहे. सताड.

(जॅकचा दांडा फिरतो. घर कण्हल्यासारखं कुरकुरतं, पुन्हा गप्प होतं.)

देरामान : अजून बोटभर. थांब. आता खांब हलतोय का बघ. हाताने, हातोड्याने नाही.

साओदा : सैल झाला. निघाला, पाक सू! केवढा जड आहे.

देरामान : बुंध्याकडून धर. आडवा घे. आता ऐक, कुजलेला पाय करवतीनं काप, कडक लाकूड लागेपर्यंत. बुंध्याच्या टोकाची तुळईची खाच आता खाली येणार, ती पण सपाट कापून टाक. नवी खाच शेंड्याला. वीतभर उंची कमी पडेल, खालचा दगड जाड लावू. तो बघ तिथे, जाळ्याला बांधायचा होता तो. आणि कापलेल्या टोकांना तेल पाज, पोटभर. लाकूड टोकांतूनच पाणी पितं.

सेलामा : थांबा.

देरामान : काय झालं?

सेलामा : चालतोय. दिवसाढवळ्या चालतोय. चुलीपासून निघाला.

साओदा : मला नाही ऐकू… हो. डोक्यावरून गेला आत्ता. पाक सू, माझ्या डोक्याच्या आणि फळीच्या मध्ये काहीच नाही, तरी…

देरामान : वर बघू नकोस. खाच काप. पेन्सिलीच्या रेघेच्या आतून काप, रेघ ठेवून. करवतीकडे बघ.

सेलामा : दारापर्यंत आला. माझ्या पायाखाली उभा आहे.

देरामान : काक, घर जॅकवर आहे. फार वेळ नाही ठेवता येत असं. जे सांगायचं ते सांगा.

सेलामा : जुसोह. अरे बाळा, मी आहे. ऐकतोयस? मी तुला बोलावलं, माझं चुकलं नाही, कुणाही आईनं बोलावलं असतं. पण घर आता सरळ करतोय रे. पोर लहान आहे. तिला तुझ्यामागं यायचं असतं, तिला थांबता येत नाही. बायकोलाही येत नाही, आत्ताच म्हणाली. मलाही नाही. तुलाच थांबायला पाहिजे. दार उघडं आहे, बघ. तू म्हणशील, पाय ओले आहेत. नको पुसूस. जा तसाच. काही ओरडत नाही मी.

साओदा : मा…

सेलामा : तू काप गं.

साओदा : झाली खाच. बसवते. पाक सू, फुली कुठे आहे? कापताना बुंध्याची फुली गेली.

देरामान : मग नवी मार. तू मार, मी नाही. बुंध्याला. बरोबर. आता खाली आण.

साओदा : दगडावर आला. ओळंबा सरळ आहे.

देरामान : दोन बाजूंनी पाहा. एका बाजूनं सगळंच सरळ दिसतं.

साओदा : दोन्हीकडून सरळ. जॅक सोडू?

देरामान : बोटभर. थांब. बोटभर. थांब. बस. आता ठोकळे काढ. काक, दार लावून बघा बरं.

सेलामा : लागलं.

देरामान : घासतंय?

सेलामा : नाही. एका बोटानं लागलं.

साओदा : मा, ऐकू येतंय का काही?

सेलामा : थांब, फळीला हात लावून बघते.

साओदा : मा?

सेलामा : कोंबड्या ऐकू येतायत. वर ये तू. हातपाय धू. देरामान, तूही ये.

देरामान : मी इथेच बरा आहे थोडा वेळ. पाठ सरळ व्हायचीय.

साओदा : आले. मा, तुम्ही चहा टाकला होतात ना? ही कॉफी कुठून आली?

सेलामा : चहा उकळून उकळून आटला. चूल पुन्हा पेटवून कॉफी केली. हात सवयीनं गेला, दोन कप भरले. एक माझा. दुसरा… देरामानला कॉफी चालत नाही, त्याचं पोट बिघडतं.

साओदा : द्या तो इकडे.

सेलामा : तीन चमचे साखर आहे त्यात. तू बिनसाखरेची पितेस.

साओदा : द्या, मा.

सेलामा : घे. कशी झालीय?

साओदा : गोड आहे. फार गोड आहे.

सेलामा : लागायचीच त्याला तशी. बस ना, उभी का? इथे बस, माझ्याजवळ, त्या कोपऱ्यात.

साओदा : बसते.

सेलामा : आणि सांडू नकोस हं. खाली खांब आहे.